हवेवरचे रिट्रॅक्ट: गिअर भक्कम, कटकट नळ्यांची

मॉडेल विमानाला हवेच्या दाबावर चालणारे रिट्रॅक्ट, म्हणजे उड्डाणात चाकं आत दुमडून घेणारी यंत्रणा, बसवून आता बरेच महिने झाले. विमान जुन्या लढाऊ विमानांच्या घाटाचं आहे, पंख खाली, शेपटीला चाक आणि पुढचे दोन पाय पंखात दुमडणारे. निकाल आधीच सांगून टाकतो. धातूच्या यंत्रणेबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. डोकं खाल्लं ते नळ्यांनी, जोडांनी आणि व्हॉल्व्हने, आणि नेमका तोच भाग माहितीपत्रकात दोन ओळींत उरकलेला असतो.

रचना साधी आहे. विमानात एक छोटी टाकी असते. उडवण्यापूर्वी ती हातपंपाने साधारण 100 पीएसआयपर्यंत (दाबाचं एकक, पाउंड प्रति चौरस इंच) भरायची. सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर, व्हॉल्व्ह सरकवते, सिलिंडरच्या एका बाजूला हवा जाते, दुसऱ्या बाजूची फुस्स करून बाहेर पडते आणि पाय दुमडतो. दोन्ही टोकांना यांत्रिक लॉक लागतं, त्यामुळे उतरतानाचा धक्का हवेवर नाही, लॉकवर येतो. हवा लागते ती लॉक सोडवायला आणि पाय हलवायला. टाकी रिकामी झाली तर उघडलेली चाकं कोलमडत नाहीत. पण वर गेलेली चाकं वरच राहतात, आणि विमान पोटावर उतरवावं लागतं.

म्हणूनच दुसरा प्रकार आहे: वर घेताना हवा, खाली येताना स्प्रिंग. यात गळती झाली तर चाकं आपोआप खाली येतात. दिसायला थोडं विचित्र, भर उड्डाणात एक पाय लोंबकळू शकतो, पण विमान वाचतं. माझा संच दोन्हीकडे हवेचा आहे, आणि गळतीच्या बाबतीत मी इतका काटेकोर झालो त्याचं कारण तेच.

बसवण्यात खरा वेळ गेला तो लाकडी पट्ट्यांवर. रिट्रॅक्ट कठीण लाकडावरच घट्ट बसतात. बाल्सा या मऊ, हलक्या लाकडात स्क्रू आवळले तर दोन-चार आदळआपट लँडिंगांत भोकं सैल होतात. पट्ट्या पंखाच्या फासळ्यांना नुसत्या चिकटवून भागत नाही, मागून प्लायवूडचा आधार हवा. पाय ज्या पिनवर स्क्रूने आवळला जातो तिथे कानसीने सपाट खाच पाडली आणि थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावलं, तेव्हा कुठे चाकं सरळ राहायला लागली. चाकांची पुढची कड किंचित आत वळलेली ठेवली की टेकऑफला विमान इकडेतिकडे पळत नाही. आणि शेपटीवर उभ्या राहणाऱ्या विमानात चाकं उघडल्यावर आस पंखाच्या पुढच्या कडेच्या आसपास यायला हवा. तो मागे गेला की ब्रेक न लावताही विमान नाक टेकतं.

आता नळ्या. नळी कात्रीने कापू नये, तोंड चपटं होतं. नव्या ब्लेडने, एका दाबात, काटकोनात कापायची. निपलवर, म्हणजे नळी जोडायच्या कंगोरेदार टोकावर, चढवताना ती शेवटच्या कंगोऱ्यापलीकडे जायला हवी. काढायची झाली तर ओढायची नाही. ओढली की तोंड सैल पडतं, आणि पुन्हा बसवल्यावर तिथूनच हवा सुटते. मी टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा कापून टाकतो आणि ताजं तोंड चढवतो. त्यासाठी सुरुवातीपासूनच नळी थोडी लांब ठेवलेली बरी. वर आणि खाली यांसाठी दोन वेगळ्या रंगांच्या नळ्या घ्या. पंख जोडताना अर्धवट उजेडात त्याचं मोल कळतं.

गळती शोधायला साबणाचं पाणी ठीक, पण आधी भाग वेगळे करा. टाकी ते व्हॉल्व्ह एवढाच भाग भरून रात्रभर ठेवायचा, सकाळी गेज पाहायचा. मग एकेक सिलिंडर जोडायचा. सगळं एकदम जोडून फेस शोधत बसलात तर संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही. माझ्याकडे दोषी बहुतेक वेळा पंख-धडाच्या मधला झटपट सुटणारा जोड निघाला, सिलिंडर क्वचितच. पिस्टनच्या ओ-रिंगवर (हवा अडवणारी रबरी कडी) अधूनमधून सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब सोडतो, हाताशी असलेलं मशीनचं तेल नाही.

थंडीत मात्र धोरण बदलावं लागतं. ओ-रिंग कडक होतात, त्यात दाबही उतरतो. 35 अंशांना 100 पीएसआय भरलेली टाकी 5 अंशांवर नेली तर गळती नसतानाही गेज 89च्या आसपास दाखवतो. म्हणून घरात भरलेल्या टाकीवर विसंबू नका, मैदानावर पुन्हा भरा. एका भरणीत किती वेळा वर-खाली होतं हे जमिनीवर मोजून ठेवा, आणि उड्डाणात त्याच्या निम्म्यावर थांबा.

चाकं फटकन आत जातात ही तक्रार सगळ्यांचीच असते. वाटेत हवेचा ओघ कमी करणारा छोटा स्क्रू-व्हॉल्व्ह टाकला की हालचाल संथ, खऱ्या विमानासारखी होते. माझा डावा पाय अजूनही उजव्यापेक्षा जरा उशिरा वर जातो. तो मी मुद्दाम तसाच ठेवलाय, खऱ्या विमानांचेही पाय कुठे अगदी एकदम दुमडायचे!

आजच्या विजेच्या रिट्रॅक्टना टाकी नाही, नळी नाही, पंप नाही. नव्याने सुरू करणाऱ्याला मी तेच सांगेन. पण ज्यांच्याकडे जुनं हवेवरचं विमान आहे त्यांनी घाईने ते उपटून काढू नये. सिलिंडर आणि पाय शाबूत असतील तर नळ्या आणि ओ-रिंग बदलल्या तरी पुष्कळ काम होतं. माझं पुढचं मॉडेलही हवेवरच असेल, फक्त चाकं खाली आणायला स्प्रिंग.