आईच्या स्मरणिकेचे काम : सांगलीतील एका छापखान्याचा अनुभव

माझी आई आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर नैमित्तिक उद्घोषिका होती. तिच्या वर्षश्राद्धाला सहकाऱ्यांच्या आणि आप्तेष्टांच्या आठवणींची स्मरणिका काढावी, असे आम्हा भावंडांनी ठरवले आणि ते काम गावभागातील एका जुन्या छापखान्याकडे सोपवले. सांगली दिवंगतांना विसरत नाही. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांच्या नावाचे नाट्यगृह येथे आहे आणि त्यांच्या नावाचे गौरवपदक दरवर्षी 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, दिले जाते. परंतु 1963 साली सुरू झालेल्या या केंद्रावरून ज्यांचा आवाज रोज घराघरांत पोहोचला, त्यांच्यापैकी अनेकांचे नावही श्रोत्यांना ठाऊक नसते. म्हणून आईविषयी काही छापील राहावे, अशी माझी मनापासून इच्छा होती.

या छापखान्याचे खरे मोल त्यांच्या यंत्रांत नसून तेथे मुद्रितशोधन करणाऱ्या वयस्क काकांमध्ये आहे. आम्ही जमवलेले सव्वीस लेख त्यांनी दोन दिवसांत वाचले आणि त्यांतले अकरा बाजूला काढून म्हणाले, "ताई, त्या प्रेमळ होत्या, मनमिळाऊ होत्या, असे या सगळ्यांनी लिहिले आहे. त्यांनी काय केले, ते एकानेही लिहिलेले नाही." ऐकताना मला वाईट वाटले, पण पुन्हा वाचल्यावर पटले, कारण आईचे नाव काढून दुसऱ्या कोणाचेही घातले असते, तरी त्या लेखांत काहीच बदलले नसते. मग काकांनी स्वतः त्या अकरा जणांना दूरध्वनी केले आणि प्रत्येकाकडून एक तरी घडलेला प्रसंग मागितला. हळदीच्या एका अडत्याने पाठवलेल्या चारच ओळी आता पहिल्या पानावर आहेत: आई बाजारभाव वाचताना प्रत्येक आकड्यानंतर क्षणभर थांबत असे, आणि तेवढ्या वेळात त्या अडत्याचे वडील तो आकडा पाटीवर लिहून घेत. घरात इतकी वर्षे तिच्यासोबत राहूनही आम्हाला हे माहीत नव्हते. शोकाने भरलेल्या मजकुरावर लेखणी चालवायला धैर्य लागते. ते काकांकडे आहे, आणि लिहिणाऱ्याचे मन न दुखावण्याचे भानही आहे.

छायाचित्रांचे कामही जिव्हाळ्याने झाले. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या अल्बमची पाने एकमेकांना चिकटली होती. ती ओढून न सोडवता तशीच स्कॅन करावीत, हा सल्ला छापखान्याचाच, आणि त्यामुळे ध्वनिमुद्रण कक्षातील आईचे एकमेव छायाचित्र वाचले. पाण्याचा डाग त्यांनी चेहऱ्यावरून काढला, कडेला मात्र तसाच ठेवला. मला ते योग्य वाटले.

तक्रारी दोन आहेत. पाहुण्यांनी युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये नेताना 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' झाले, 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला भेदही उरला नाही. काकांच्या नजरेतून काही सुटत नाही, पण फाँट बदलल्यानंतरचे प्रूफ आम्हाला दाखवलेच गेले नाही, आणि दोन पानांवर त्या चुका छापून आल्या. जिचे उच्चार सहकारी दाखला म्हणून सांगत, तिच्या पुस्तकात हे फार खटकते. दुसरी तक्रार बांधणीची. 80 पानांच्या, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या पाच फर्म्यांच्या, पुस्तकाला केवळ डिंकाची बांधणी केली आणि पंधरा-वीस प्रतींची मधली पाने सुटली. त्यांनी त्या विनातक्रार परत घेऊन दोऱ्याने शिवून दिल्या. परंतु त्या वर्षश्राद्धानंतर चार दिवसांनी हाती आल्या, आणि गावाहून आलेली माझी आत्या प्रत न घेताच परतली.

कागद 70 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाचा), पांढराशुभ्र नसलेला, वृद्ध डोळ्यांना सोयीचा आहे. शेवटच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यांनी आईच्या एका कॅसेटमधील तीन मिनिटांची उद्घोषणा जोडून दिली, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

असे काम कोणाला द्यायचे असेल, तर दोन महिने हाताशी ठेवावेत, शिलाईची बांधणी सुरुवातीलाच लेखी ठरवावी आणि शेवटचे प्रूफ पाहिल्याशिवाय छपाईला संमती देऊ नये. लेख मात्र काकांच्याच हाती द्यावेत. वडिलांच्या आठवणी मी आतापासूनच वहीत उतरवू लागले आहे. ते अजून आहेत, आणि बाजारभावाच्या त्या चार ओळी ते रोज सकाळी चहाबरोबर वाचतात.