मिरजेत तंबोऱ्याची जवारी: काम अव्वल, पण पट्टी ठरवून जा

तंबोरा झंकारेनासा झाला की बरेच गायक आधी तारा बदलतात. दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तीच चरचर सुरू होते. दुखणं तारेत नसतंच, घोडीत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या आडव्या तुकड्यात असतं. पोलादी तार रोज घासून घोडीच्या पाठीवर बारीक चरा पाडते. तार त्या चऱ्यात बसली की घोडीच्या उतारावर अलगद टेकत सुटायची ती अडकते, आणि स्वर फुलायच्या जागी पत्र्यासारखा वाजतो. यावर उपाय एकच, जवारी नव्याने काढणं, म्हणजे घोडीची पाठ घासून तार झंकारेल असा उतार पुन्हा देणं. त्यासाठी मिरजेची सतारमेकर गल्ली आजही पहिली पसंती ठरावी अशीच आहे.

काम कसं चालतं ते शेजारी बसून बघण्यासारखं आहे. कारागीर तारा बाजूला घेतो, घोडीवर कानशीचे दोन-चारच हात मारतो, तार परत चढवतो, छेडतो, कान देतो. पुन्हा उतरवतो. चारही तारांचं असंच. शेवटी तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवतो आणि एका जागी तार एकदम उघडते. खर्ज (सगळ्यात खालचा ‘सा’) नीट लागला की त्यातून गंधार (‘ग’) आपोआप ऐकू येतो. तो येईपर्यंत उठू नका. अर्धा दिवस हाताशी ठेवूनच जावं. घाईत काढलेली जवारी महिनाभरही टिकत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पट्टीवरून, म्हणजे आपला ‘सा’ किती उंच यावरून. घोडीचा उतार तारेच्या ताणाप्रमाणे बसवलेला असतो. हार्मोनियमच्या काळी एकला काढलेली जवारी काळी चारला ओढली की बंद पडते. म्हणून आपली पट्टी सांगा आणि जवारी त्याच पट्टीत काढून घ्या. पहिली तार कधी पंचमात, कधी मध्यमात लावत असाल तर तेही आधीच बोला, कारण पहिल्या तारेखालचा दोरा प्रत्येक वेळी हलवावा लागतो. ‘खुली’ (जास्त झंकारणारी) हवी की ‘गोल’ (मऊ) हेही ठरवून जा. माइकवर गाणाऱ्याला फार खुली जवारी त्रासदायक होते, वरचे स्वर सगळ्यावर पसरतात. छोट्या खोलीतल्या बैठकीला मात्र तीच हवीशी वाटते.

नवा तंबोरा घ्यायचा असेल तर नक्षी शेवटी बघा. आधी दांडी डोळ्यासमोर आडवी धरून वाक आहे का ते तपासा. मग भोपळ्यावर बोटाच्या पेराने सगळीकडून टिचकी मारा, जिथे आवाज बसका येईल तिथे तडा किंवा जुनी डागडुजी असू शकते. गळ्याचा सांधा नखाने चाचपा. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, लाकूड बहुतेक तुणाचं असतं, आणि दोन्ही पुरते वाळलेले नसतील तर पहिल्याच उन्हाळ्यात सांधा बोलतो. खुंट्या पावसाळ्यात फुगून अडकतात, उन्हाळ्यात घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला खडूची पूड पुरते, जोराने ठोकलीत तर दांडीच चिरते.

तक्रारी दोन आहेत. एक, लाकूड किती वर्षं वाळवलं हे सहसा लिहून मिळत नाही. बिलावर लिहून मागावं. दुसरी, दिलेली तारीख पुढे सरकू शकते, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात वाद्य टाकू नका.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण हा कान मानांकनाने तयार झालेला नाही. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब या कारागिरापासून इथे वाद्यं घडू लागली. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. त्यांच्यासारखा सुराचा कडक माणूस गिऱ्हाईक असला की कारागिराला चूक चालवून घेता येत नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात अजूनही गाणं होतं, म्हणजे ऐकणारे आणि घडवणारे अजून एकाच गावात आहेत. इतकी जमलेली जोडी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

स्वतंत्रपणे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी याचा फायदा गट करून घ्यावा. एका तंबोऱ्यासाठी मिरजेचा फेरा महाग पडतो. गावातल्या पाच-सहा जणांनी वाद्यं एका ठिकाणी जमवून कारागिरालाच दोन दिवस बोलावलं, तर प्रवासखर्च वाटला जातो आणि वाद्याला प्रवासाचा धक्काही बसत नाही. तानपुऱ्याचं ॲप सोयीचं आहे, रियाजाला वापराच. पण तंबोरे कोपऱ्यात पडून राहिले तर कारागिराच्या पोराने कानस हातात का धरावी?

वाद्य घेऊन परतताना तारा एखादा सूर उतरवा, पार सैल करू नका. घोडी बहुधा तारांच्या दाबावरच उभी असते. निघण्याआधी तिच्या पायांभोवती तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) पेन्सिलीने बारीक खूण करून घ्या. घोडी जरा सरकली तरी जवारी गेली. घरी पोहोचल्यावर खोळ काढून तास-दोन तास तसाच ठेवा, मगच तारा चढवा.