जिप्सीला सुपरचार्जर: उद्यमनगरातल्या मेस्त्रींचा आणि त्या ब्लोअरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ह्या कामाला पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय, पण तो मेस्त्रींचा न्हाय, कुणाचा ते खाली येतंयच.

गाडी माझी जिप्सी किंग, एमपीएफआयवाली (म्हणजे कार्बोरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शनवाली), १२९८ सीसी. कागदावर ८० बीएचपी आणि १०३ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढ), पण तो टॉर्क येतोय ४५०० आरपीएमला. म्हणजे गगनबावड्याकडं पावसात लाल चिखलाच्या चढावर गाडी अडकली, फोर-लो (चारी चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकला, तरी खाली इंजिन झोपलेलंच. मग क्लच पोळवत रेस करायची, रेस वर गेली की एकदम सगळी पॉवर येते, चाकं फिरतात आणि गाडी होती त्यापेक्षा खोल. दोन पावसाळे हाच तमाशा, आणि त्यात मी हौसेनं कंपनीपेक्षा मोठे टायर घातलेले, म्हणजे जे काय होतं तेपण गेलं.

सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा ब्लोअर, घालायचा हे डोक्यात पक्कं होतं. टर्बो नको होता कारण टर्बोला एक्झॉस्टचा जोर लागतो, खाली रेसला तो जोर नसतोच. सुपरचार्जर क्रँकवरच्या बेल्टवर फिरतो, इंजिन फिरलं की तो फिरला. आता कुठला घ्यायचा, तर व्हिडिओ बघून बघून मी सेंट्रिफ्युगल जातीवर येऊन थांबलो, दिसायला टर्बोसारखा गोगलगायीचा आकार, आणि बीएचपीचे आकडे बघून तोंडाला पाणी सुटतंय.

मग उद्यमनगरात एक जुने मेस्त्री आहेत त्यांच्याकडं गेलो. बोर्ड नाही, दारात कायम दोन इंजिनं उघडी पडलेली, आत एक लेथ आणि चहाचे कप. मी सगळं सांगितलं तर मेस्त्रींनी एकच विचारलं, "पॉवर पायजे कुठं? वर का खाली?" मी म्हटलं खालीच पायजे मेस्त्री. तर म्हणाले, "मग ह्यो गोगलगाय कशाला घेतोस मर्दा? तुझ्या रानात नदीवर मोटर हाय न्हवं? ती निम्म्या स्पीडनं फिरवली तर पाणी निम्म्या उंचीवर जातंय व्हय? पाव पण धड जात न्हाई."

झालं. एवढ्यात कळलं. सेंट्रिफ्युगल म्हणजे पाण्याच्या पंपाचाच भाऊ, दाब वाढतो तो स्पीडच्या वर्गानं, म्हणजे ६००० ला ८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) देणारा ३००० ला जेमतेम २ देणार, आणि चिखलात आपण असतो १५०० ते ३००० मधे. हायवेला, ट्रॅकला घाला की, तिथं भारीच आहे. आमच्यात उपयोग नाही.

राहिले दोन. एक रूट्स. साखर कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणारा ढगढग करणारा ब्लोअर असतो बघा, तोच, दोन रोटर एकमेकांत फिरतात आणि हवा नुसती पुढं ढकलतात. ह्याचं पेटंट अमेरिकेतल्या रूट्स भावांनी १८६० मधे घेतलं, मोटारी तेव्हा जन्माला पण यायच्या होत्या, पुढं तो भट्ट्यांना हवा द्यायला वापरला गेला. शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना ही गोष्ट सांगितली तर कॉलर ताठ करतील. दुसरा ट्विन-स्क्रू, म्हणजे एमआयडीसीत हवेसाठी जो स्क्रू कॉम्प्रेसर असतो त्याच जातीचा, हा हवा आतच दाबून बाहेर काढतो म्हणून जास्त बूस्टला (म्हणजे वाढीव दाबाला) रूट्सपेक्षा कमी तापतो. दोघंही पहिल्या रेसपासून हवा देतात. नव्या जिम्नीवाल्यांना ऑस्ट्रेलियाच्या स्प्रिंटेक्सचं ट्विन-स्क्रू किट मिळतं, पण बाहेरून मागवायचं म्हणजे ड्युटी धरून आकडा बघितला की गप बसावं वाटतं. आणि जिम्नीचं कॉम्प्रेशन १० ला १ आहे, म्हणजे इंजिन स्वतःच हवा बरीच दाबतं, तेव्हा बूस्ट जपूनच.

मला पायजे होता ७ पीएसआयच्या आसपास, त्यासाठी रूट्स बास. मेस्त्रींनी खडू घेतला आणि फरशीवरच हिशोब मांडला. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत १२९८ सीसी हवा घेतं, म्हणजे एका फेऱ्यात ६४९. सात पीएसआय म्हणजे हवा जवळजवळ दीडपट, धरा ९७५. जपानी ऐसिनचा एएमआर ५०० एका फेऱ्याला ५०० सीसी देतो, म्हणजे त्याला इंजिनाच्या दुप्पट पळवायला लागणार. ईटनचा एम ४५, जो जुन्या मिनी कूपर एसमधे यायचा, तो देतो ७३७. गळती धरून १.४ पट फिरवला की काम झालं, इंजिन ६००० ला असताना ब्लोअर ८४०० ला, निवांत. "बैल दमला न्हाय पायजे," म्हणाले, आणि खडू खिशात. तो हिशोब अजून फरशीवर आहे, वर ऑइल सांडलंय एवढंच.

आता तो कापलेला स्टार. एम ४५ सेकंडहँडच मिळणार, तो मी बाहेरगावच्या एका पार्टवाल्याकडून ३८ हजाराला मागवला, "साहेब कंडिशन एक नंबर, बॉक्समधनं काढा आणि बसवा." मेस्त्रींनी बसवायच्या आधी हातानं पुली फिरवली, कान लावला आणि मान हलवली. ह्या ब्लोअरला दोन्ही बाजूला गिअरचं स्वतःचं तेल असतं, कारण मिनीमधे पाण्याचा पंप ह्याच्याच मागच्या टोकावरनं फिरतो. पुढचं तेल होतं. मागचं झाकण काढलं तर आत तेल नाही, नुसता काळा चिकट खरवड, चुलीवरच्या तव्यागत. तसाच बसवला असता तर गेलाच असता. पार्टवाला फोनवर म्हणाला, "आमच्याकडून निघाला तेव्हा ठीक होता." आता काय बोलणार. मागच्या बेअरिंगी आणि सील बदलून साडेनऊ हजार वर गेले. तर कुणी घेत असाल तर आधी दोन्हीकडचं तेल बघा, मग पैसे द्या.

काम मात्र देखणं झालं. ब्रॅकेटसाठी पॅटर्न बनवून अॅल्युमिनियममधे ओतून घेतला, पुली लेथवर कातली, जुन्या व्ही बेल्टच्या जागी सहा रेघांचा चपटा बेल्ट. पुल्या एका रेषेत आहेत का बघायला मेस्त्रींनी दोरा ताणला आणि एक मिलिमीटरसाठी अख्खं ब्रॅकेट परत उतरवलं, मी म्हटलं चालतंय की, तर माझ्याकडं असं बघितलं की मी चहा सांगायला गेलो. कंपनीचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वर वाचतच नाही, बूस्ट आला तरी ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) पत्ता नसतो, पेट्रोल कमी पडून पिस्टनला भोकच पडायचं. म्हणून वेगळा ईसीयू, दोन बारचा सेन्सर, मोठे इंजेक्टर, आणि बूस्टमधे स्पार्कचं टायमिंग मागं. सगळं मिळून दीड लाखाला थोडे कमी, वेळ सात आठवडे. सांगितले होते तीन, पण उद्यमनगरात तीन म्हणजे सातच असतात.

चालवायला कशी? भावा, नाद खुळा. त्याच चढावर परवा सेकंड लो टाकली, दोन हजारला रेस धरली आणि गाडी ट्रॅक्टरसारखी चढली, क्लचला पाय पण नाही. रस्त्यावर हळू चालवताना बायपास (हवा परत फिरवणारी झडप) उघडा असतो, त्यामुळं फार फरक जाणवत नाही, पाय दाबला की शिट्टी सुरू, आणि आमच्या गल्लीतली कुत्री त्या शिट्टीवर जाम खवळतात.

त्रास पण आहे. उन्हात सलग चढ चढलं की हवा तापते, बोनेटखाली ती गार करणाऱ्या इंटरकूलरला जागा कमी, मेस्त्रींनी छोटा बसवलाय तो नावालाच. अॅव्हरेजचं विचारू नका. आणि ओढ्यात घातली तेव्हा पाणी उडून बेल्ट भिजला, किंचाळला, बूस्ट शून्य, मग कंपनीच्या ८० घोड्यांवर म्हशीसारखी बाहेर काढली. परत आल्यावर मेस्त्रींनी पत्र्याचं कव्हर आणि स्प्रिंगचा टेन्शनर लावून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

एक, हे सगळं आरटीओच्या भाषेत बदलच आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, आणि क्लेम लागला की इन्शुरन्सवाले बोनेट उघडणारच. मेस्त्रींनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि हेपण सांगितलं होतं की नुसत्या चिखलासाठी असेल तर आधी डिफरन्शियलचा क्राउन पिनियन (चाकांकडं जोर नेणारे गिअर) बदल, कमी पैशात निम्मं काम होतंय. मी ऐकलं नाही, हौस होती.

सीटखाली आता एक जादा बेल्ट आणि १३ चा पाना कायम असतो. दिवाळीनंतर तेल बघायला बोलावलंय, दोन्हीकडचं.