अपोमॉर्फिन पंप की डीबीएस? आमच्या घरातला अनुभव

पार्किन्सन्सला आठ-नऊ वर्षं झाली की गोळ्यांचं गणित बिघडायला लागतं. दर तीन तासांनी लेव्होडोपा (या आजाराची मुख्य गोळी) देऊनही मधला तास-दीड तास माणूस खुर्चीत थिजून बसतो आणि गोळी चढली की अंग वेडंवाकडं हलत राहतं. अशा वेळी डॉक्टर बहुधा दोन नावं काढतात, अपोमॉर्फिनचा पंप (हे औषध कातडीखालच्या सुईतून दिवसभर थेंबथेंब देणारं छोटं यंत्र) किंवा डीबीएसची शस्त्रक्रिया (मेंदूत तार बसवून छातीवरच्या बॅटरीने सौम्य वीज देणं). आईसाठी आम्ही आधी पंप घेतला, पाच महिने वापरला, मग डीबीएसकडे वळलो. दोन्ही घरात राबवून झालंय, म्हणून लिहितो.

पंपाचं मोठं सुख म्हणजे डोक्याला हात लावावा लागत नाही. नाही जमलं तर सुई काढून ठेवायची. आणि तो काम करतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या टोलेडो नावाच्या पंपाच्या चाचणीत 107 रुग्ण होते. बारा आठवड्यांत पंपावरच्या लोकांचा ‘ऑफ’ काळ (औषध उतरून अंग थिजलेला; औषध चढलेलं असतं तो ‘ऑन’) दिवसाला सुमारे अडीच तासांनी घटला, खोटं औषध मिळालेल्यांचा जेमतेम अर्ध्या तासाने. आईनेही आठवड्याभरात सकाळचा चहा स्वतः टाकला. मळमळ झाली, उठताना बीपी उतरायचं, पण डोस जमल्यावर ते निभावलं.

निभावल्या नाहीत त्या गाठी. सुई पोटाच्या कातडीखाली टोचतात, रोज नव्या जागी. औषध मुरतं तिथे गाठ येते, आईच्या तर सुपारीएवढ्या, कडक आणि दुखऱ्या. गाठीवर पुन्हा टोचलं तर औषध नीट शोषलं जात नाही. दोन महिन्यांत पोटावर टोचायला जागा शोधावी लागायची. मसाज केला, सुई बदलून पाहिली, थोडाच फरक पडला. आई साडी नेसते. परकराची नाडी नेमकी त्या गाठींवर आवळली जायची आणि निऱ्या खोचताना ती ओठ दाबून उभी राहायची. मग गाऊनवरच राहू लागली आणि गाऊनवर कुठे जायचं नाही म्हणून घराबाहेर पडेनाशी झाली. हातपाय मोकळे झालेली बाई घरातच बसली. हे आम्हाला फार लागलं. त्यात अपोमॉर्फिन हवेत राहिलं की हिरवं पडतं. सांडलेल्या थेंबाचे डाग तिच्या दोन सुती साड्यांवरून अजून गेलेले नाहीत.

शिवाय रोज सकाळी सिरिंज भरून सुई लावायला कुणीतरी हवंच. आमच्याकडे ते माझी बायको करायची. ती दोन दिवस माहेरी गेली, मी कामासाठी गावाला, की आई पुन्हा गोळ्यांवर. पंप घेताना रुग्णाइतकाच शुभंकराचाही (रुग्णाची देखभाल करणाऱ्याचाही) विचार करा, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन.

डीबीएसची भीती आम्हालाही होती. मेंदूत तार घालायची म्हटल्यावर शंभरात एखाद-दुसऱ्याला रक्तस्राव होतो, जंतुसंसर्गाचा धोका वेगळाच. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. पण 1987 मध्ये ग्रेनोबलला बेनाबिद यांनी कंपासाठी वापरलेली ही पद्धत आता चांगली रुळली आहे. 2013 च्या अर्लीस्टिम चाचणीत 251 रुग्णांना दोन वर्षं पाहिलं. डीबीएस झालेल्यांचं जीवनमान 26 टक्क्यांनी सुधारलं, नुसत्या औषधांवरच्यांचं होतं तिथेच राहिलं. अर्थात ते रुग्ण साठीच्या आतले होते आणि आई चौसष्टची, म्हणून तेवढ्याची अपेक्षा आम्ही ठेवली नव्हती.

ऑपरेशनच्या आधी रात्रभर औषध बंद ठेवून सकाळी लेव्होडोपाची परीक्षा घेतात, म्हणजे गोळी देऊन हालचाल किती सुधारते ते पाहतात. गोळीने जे सुटतं तेच साधारणपणे डीबीएसने सुटतं, कंप तेवढा अपवाद. तोल, गिळणं, आवाज यांची आशा धरू नका. आईचा आवाज तर आणखी खाली गेलाय, फोनवर दोनदा विचारावं लागतं. मशीनचं सेटिंग जमायलाही तीन-चार महिने फेऱ्या माराव्या लागल्या. पण गोळ्या जवळजवळ अर्ध्यावर आल्या आणि रोजचं काम उरलं नाही. कॉलरबोनखालची बॅटरी आठवड्यातून एकदा चार्ज करायची, मालिका बघताना ती पट्टा लावून बसते. पोटावरच्या गाठी विरायला चारेक महिने लागले. त्यानंतर निऱ्या तिच्या तिनेच खोचल्या.

खर्च लाखांत जातो. 2019 च्या विमा नियामकाच्या सूचनांमध्ये डीबीएसचं नाव आहे, पण पॉलिसीत रकमेची मर्यादा असू शकते. ऑपरेशनच्या आधी ते कलम लेखी मागून घ्या.

‘स्टेम सेल (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मेंदूत सोडायचा उपचार) येईपर्यंत थांबू का?’ असं बरेच जण विचारतात. 2025 च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’मध्ये आलेले दोन अभ्यास आशादायक आहेत, पण एकात बारा रुग्ण, दुसऱ्यात सात. त्यासाठी हातची वर्षं घालवू नयेत, असं मला वाटतं. अमेरिकेत 2024 च्या ऑक्टोबरमध्ये लेव्होडोपाच्याच पंपाला मान्यता मिळाली, पण सुई तिथेही कातडीखालीच आहे. मेंदूतले संकेत वाचून आपोआप कमी-जास्त होणाऱ्या डीबीएसला तिथे 2025 च्या फेब्रुवारीत मान्यता मिळाली. नवीन मशीन घेणार असाल तर त्यात ती सोय आहे का, हे जरूर विचारा.

वय सत्तरीच्या पुढे असेल, रक्त पातळ करणारं औषध थांबवता येत नसेल किंवा माणूस ऑपरेशनला मनापासून तयार नसेल, तर पंप वाईट नाही. भास होत असतील तर मात्र पंपाबाबतही सांभाळून. आईसारखं साठीच्या आसपासचं, डोकं शाबूत असलेलं, गोळीला अजून छान साथ देणारं माणूस असेल, तर आधी ती लेव्होडोपाची परीक्षा करून घ्या आणि त्या वेळचा व्हिडिओ काढून ठेवा. ऑनमधलं चालणं आणि ऑफमधलं चालणं शेजारी-शेजारी पाहिलं, तेव्हाच आई ऑपरेशनला हो म्हणाली.