धुके, पाऊस आणि बर्फ: चालकविरहित वाहनासाठी कॅमेरा, लायडार की रडार?

चालकविरहित वाहनावर कोणते संवेदक (सेन्सर) बसवायचे हे ठरवताना किमतीच्या आधी आपल्या मार्गावर कोणते हवामान अधिक असते ते पाहावे, कारण धुके, मुसळधार पाऊस आणि बर्फ यांत कॅमेरा, लायडार आणि रडार या तिन्ही साधनांचे बलाबल बदलत जाते.

कॅमेरा स्वस्त आहे आणि सिग्नलचा रंग किंवा फलकावरील अक्षरे ओळखण्याचे काम त्याच्यावाचून होत नाही. मात्र दाट धुके, समोरचे ऊन किंवा काचेवरचा चिखल यांपुढे तो हतबल ठरतो. टेस्लाने २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतील मॉडेल ३ आणि मॉडेल वाय या गाड्यांतून रडार काढून टाकले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये, कमी दृश्यमानतेतील चार अपघातांनंतर, अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने या कंपनीच्या स्वयंचालन प्रणालीची चौकशी सुरू केली. त्यांतल्या एका अपघातात पादचाऱ्याचा जीव गेला होता. चौकशी सुरू होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, तरीही धुक्याच्या मार्गासाठी केवळ कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवणे मला अयोग्य वाटते.

लायडार लेसरच्या साहाय्याने भोवतालाचे अचूक त्रिमित चित्र उभे करतो आणि अंधाराची त्याला अडचण नसते. धुक्यात मात्र त्याचा प्रकाश बारीक थेंबांवर आपटून विखुरतो आणि पल्ला घटतो. येथे तरंगलांबीची निवडही महत्त्वाची आहे. १५५० नॅनोमीटरचा लेसर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचत नसल्याने अधिक शक्तीने वापरता येतो व दूरवर पाहतो. परंतु ९०५ नॅनोमीटरच्या तुलनेत तो पाण्यात कितीतरी अधिक शोषला जातो. त्यामुळे पावसाळी प्रदेशासाठी लायडार घेताना कोरड्या हवेत मोजलेल्या पल्ल्यावर निर्णय सोडू नये.

वाहनांतील रडार ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालते, म्हणजे त्याची तरंगलांबी सुमारे ४ मिलिमीटर असते. धुक्याचे थेंब त्याहून फारच लहान असल्याने ते जवळपास अडखळत नाही. पावसाच्या थेंबांनी संदेश क्षीण होतो, पण शे-दोनशे मीटरच्या अंतरात हे नुकसान सोसण्याजोगे असते. समोरच्या वस्तूचा वेगही रडार थेट मोजते. त्याची उणीव आहे ती ढोबळ चित्राची: थांबलेला ट्रक आणि रस्त्याच्या डोक्यावरून जाणारा पूल यांत जुन्या रडारची गल्लत होते, आणि उंचीही मोजणारी नवी रडारे ती कमी करतात. चालकविरहित टॅक्सी चालवणाऱ्या वेमो कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आपल्या प्रणालीच्या सहाव्या पिढीत कॅमेरे २९ वरून १३ आणि लायडार ५ वरून ४ केले, पण रडारांची संख्या ६ च ठेवली, हे निवड करणाऱ्याने अवश्य लक्षात घ्यावे.

बर्फाचा प्रश्न वेगळा आहे, कारण तेथे मार्गिकांच्या रेषाच दिसेनाशा होतात. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी जमिनीखालील थर वाचून वाहनाचे स्थान ठरवणारे रडार विकसित केले आहे. ते बर्फात उत्तम चालते, पण पावसाने माती ओली झाल्यावर अचूकता घटते, आणि समोरचा अडथळा त्याला दिसत नाही.

धुक्याच्या महामार्गासाठी मी उंची मोजणारे रडार आणि कॅमेरा यांना अग्रक्रम देईन, तर गर्दीतील संथ बससेवेसाठी त्यांच्या जोडीला लायडारही घेईन. कोणताही संच असला तरी संवेदकांची तोंडे धुणारी आणि तापवणारी यंत्रणा किमतीत धरावी, आणि दृश्यमानता मर्यादेखाली गेल्यावर वाहन स्वतः सुरक्षित जागी थांबते की नाही, याच्या चाचणीची नोंद विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.