वयात येणाऱ्या मुलीचे कुरळे केस: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचा वापर

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिचे केस जन्मापासून कुरळे आहेत, पण दहाव्या वर्षापर्यंत त्या बटा मोठ्या, मऊ आणि आवरायला सोप्या होत्या. अकरावे वर्ष लागल्यावर त्यांचा पोत बदलला. कपाळाजवळचे आणि मानेवरचे केस अधिक घट्ट वळू लागले, वरचा थर सतत पिंजारलेला राहू लागला आणि त्याच काळात टाळू मात्र दोन दिवसांत तेलकट होऊ लागली. मागच्या पावसाळ्यात आम्ही तिच्यासाठी सौम्य, सल्फेटविरहित (जोरकस फेस आणणारे सल्फेट घटक नसलेला) शांपू, दाट कंडिशनर, घरी केलेला जवसाचा जेल, रुंद दातांचा कंगवा आणि सॅटिनचा अभ्रा एवढे साहित्य वापरायला सुरुवात केली. आम्ही ठाण्यात राहतो, त्यामुळे चार महिने हवा दमट असते, आणि उन्हाळ्याच्या सुटीत सोलापूरला जातो, जिथे एप्रिलमध्ये हवा अगदी कोरडी असते. दोन्ही हवामानांत हे साहित्य वापरून झाल्यावरच लिहायचे असे ठरवले होते.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. वयात येताना शरीरातील अँड्रोजेन संप्रेरके वाढतात, त्यांच्यामुळे टाळूतील तैलग्रंथी मोठ्या होतात आणि अधिक तेल सोडतात. सरळ केसांवरून हे तेल सहज खाली उतरते. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर त्याला अडथळा होतो. म्हणून अशा मुलीची टाळू मोठ्या माणसासारखी तेलकट होते आणि केसांची टोके पूर्वीइतकीच, किंबहुना लांबी वाढल्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक, कोरडी राहतात. एकाच डोक्यावर या दोन वेगळ्या गरजा असतात आणि त्यांना एकच उपाय लावला की एक बाजू बिघडते. आमच्या घरात खरा फरक पडला तो शांपू फक्त टाळूसाठी आणि कंडिशनर फक्त लांबीसाठी, ही विभागणी पाळल्यामुळे. कोणती बाटली आणली हा प्रश्न त्यानंतरचा.

शांपूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आठवड्यातून दोनदा, खेळाचा तास असलेल्या आठवड्यात तीनदा, बोटांच्या टोकांनी टाळू चोळायची. खाली वाहणारा फेस लांबीसाठी पुरेसा होतो. महिन्यातून एकदा मात्र मी सल्फेट असलेला, जोरकस फेसाचा शांपू वापरते, कारण जेल आणि कंडिशनरचा थर साचला की बटा जड व निस्तेज दिसतात. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी मिसळले जाते. त्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात, त्या महिन्यांत हा शांपू थोडा लवकर लागतो. शिकेकाईची पूड आम्ही सोडून दिली. तिने टाळू स्वच्छ होते, पण तिचे कण कुरळ्या केसांतून निघता निघत नाहीत आणि ते काढण्याच्या खटाटोपात केस तुटतात.

कंडिशनर ही या यादीतील सर्वांत मोलाची वस्तू आहे आणि पैसे मोजायचे असतील तर इथे मोजावेत, असे माझे मत आहे. कोरड्या आणि झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. कंडिशनरमधील धन भाराचे घटक तिथे चिकटतात, केसाच्या बाहेरच्या आवरणाचे खवले सपाट बसतात आणि केसांचे एकमेकांवर घासणे कमी होते. लेबलवर अशा घटकांपैकी बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सीट्रायमोनियम क्लोराइड हे नाव यादीत वरच्या बाजूला आहे का, एवढे मी पाहते. किंमत आणि बाटलीवरची फळाफुलांची चित्रे यांवरून काहीच कळत नाही. ओल्या केसांना कंडिशनर भरपूर लावायचे आणि ते केसांत असतानाच गुंता सोडवायचा, आधी टोकांचा, मग मधला, शेवटी मुळांजवळचा. ओला केस अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून हे काम बोटांनी सुरू करून कंगव्याने संपवावे. कोरड्या केसांतून फणी किंवा ब्रश फिरवणे आम्ही पूर्ण बंद केले. त्याने बटा सुट्या होतात आणि प्रत्येक केस वेगळा उभा राहतो. आपण ज्याला पिंजारणे म्हणतो त्यातला बराचसा भाग एवढ्यानेच थांबला.

जवसाचा जेल हा मात्र खरोखर वेळ देऊन शिकण्याचा विषय आहे. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत राहायचे. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे तार धरू लागले की लगेच, गरम असतानाच, पातळ कापडातून गाळायचे. थंड होऊ दिले तर ते कापडातून उतरतच नाही, आणि जास्त आटवले तर जेल केसांत गोळ्या होऊन बसतो. त्यात कोणतेही परिरक्षक नसल्याने फ्रिजमध्ये तो आठवडाभर ठेवावा, वास बदलला की टाकून द्यावा. मी बर्फाच्या साच्यात गोठवते आणि धुण्याच्या आदल्या रात्री लागतील तेवढे तुकडे बाहेर काढते. केस टपटपत असतानाच हा जेल मुठीने दाबत लावायचा, मग जुन्या सुती टीशर्टने पाणी टिपायचे आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर बटा कडक लागतात. मुलीला पहिल्या वेळी ते मुळीच आवडले नव्हते. पण वाळलेले केस मुठीत हलके दाबले की तो कडकपणा मोडतो आणि वळण टिकून राहते.

जुलैच्या दमट हवेत जेलचा हा पातळ थर हवेतील ओलावा आत शिरण्याला थोडा अडवतो, त्यामुळे शाळा सुटेपर्यंत केस बरे राहतात. पूर्ण अडवतो असे मी म्हणणार नाही. मुसळधार पावसाच्या दिवशी कपाळाजवळचे केस फुगतातच. याउलट ग्लिसरीन असलेले, न धुता ठेवायचे एक क्रीम ठाण्यात पावसाळ्यात निरुपयोगी ठरले, कारण ग्लिसरीन स्वतःच हवेतील पाणी ओढून घेते. तेच क्रीम हिवाळ्यात ठीक चालले. सोलापुरात त्याचाही उपयोग झाला नाही. तिथे कंडिशनरचा एक थेंब पाण्यात मिसळून टोकांना लावणे पुरले.

तेलाबद्दल आमच्या घरी मतभेद होते. सासूबाईंचा आग्रह रोज तेल लावून वेणी घालण्याचा, आणि त्यामागची माया मला कळते. त्यांच्या तेलाला शास्त्राचा आधारही आहे: खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे मुंबईतल्या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले होते. अडचण टाळूवरच्या तेलाची आहे. या वयात तिथे आधीच तेल जास्त असते, कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया ही बुरशी त्याच तेलावर वाढते, आणि कपाळावर पुटकुळ्या येतात. म्हणून आता आजी नातीच्या केसांच्या लांबीला, टाळू वगळून, न्हाण्याच्या तासभर आधी तेल लावून देतात. दोघींचा तो वेळ तसाच राहिला आणि कोंडाही कमी झाला.

शाळेत दोन वेण्यांचा नियम आहे. वेण्या सैल घालाव्यात. रोज घट्ट ओढलेल्या केसांमुळे कपाळाच्या कडेचे केस विरळ होऊ शकतात. सॅटिनचा अभ्रा तीनशे रुपयांच्या आत मिळाला. त्यामुळे सकाळचा गुंता कमी झाला, बाकी काही नाही, पण तेवढ्यासाठीही तो घ्यावा.

एका पार्लरने केस सरळ करणारी केरॅटिन ट्रीटमेंट सुचवली होती. ती आम्ही नाकारली आणि या वयाच्या कोणत्याही मुलीसाठी नाकारावी असे मी आग्रहाने सांगते. अशा अनेक मिश्रणांतून गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइडचा वायू बाहेर पडतो, आणि सरळ झालेल्या केसांच्या मुळाशी दरमहा सुमारे एक सेंटिमीटर कुरळा केस पुन्हा येतोच. शिवाय ज्या वयात मुलगी आरशात स्वतःला नव्याने पाहू लागते, त्या वयात तिचे केस म्हणजे दुरुस्त करायचा दोष आहे, असे तिला आपल्याकडून कळता कामा नये. धुणे अजून मी पाहते. जेल किती लावायचा आणि केस मोकळे ठेवायचे की बांधायचे, हे ती ठरवते.

एप्रिलपासून ती पोहायला जाते. तलावात उतरण्याआधी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवून त्यांना थोडे कंडिशनर लावायचे आणि मग टोपी घालायची, कारण आधीच भिजलेला केस क्लोरिनचे पाणी कमी शोषतो. घरी आल्यावर फक्त पाण्याने धुऊन पुन्हा कंडिशनर. शांपू त्याच्या ठरलेल्या दिवशीच.