हैदराबाद निजाम हेरिटेज टूर, नांदेडहून गेलो होतो

दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन ही एक दिवसाची टूर केली, चौमहल्ला पॅलेस, पुरानी हवेलीतलं निजाम म्युझियम आणि चारमिनार. ५ पैकी ३ स्टार. गाडी वेळेवर, जेवण चांगलं, त्याचे मार्क कापलेले नाहीत.

चौमहल्ल्यातल्या खिलवतचा दरबार हॉल बघाच, झुंबरं बघत आई कितीतरी वेळ मान वर करून उभी होती. गाईड जुन्या शहरातला, १९०८ चा मुसी नदीचा पूर, मग बांधलेलं उस्मान सागर धरण, १९१८ ची उस्मानिया युनिव्हर्सिटी, हे सगळं तो घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगत होता. पण १९४८ आलं की "बाद में इंडिया में मिल गया" आणि चला पुढच्या दालनात.

अहो, आमच्या मराठवाड्याला स्वातंत्र्य मिळालं तेच १७ सप्टेंबर १९४८ ला, देशानंतर तेरा महिन्यांनी! १५ ऑगस्ट झाला की महिन्याभरात परत झेंडावंदनाला जायचो आम्ही, आजी रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, भीतीनं रात्र रात्र ज्वारीत लपलेली, मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आमच्या विद्यापीठाला आहे. भारतात असणं म्हणजे काय हे आम्हाला या गोष्टींतून कळलं.

आईनं पर्समधून आजीचा हाली रुपया, म्हणजे निजामाच्या राज्यातलं नाणं, काढून गाईडच्या हातावर ठेवला. काळा पडलेला, त्यावरच्या चारमिनारच्या कमानीतलं शेवटच्या निजामाचं, उस्मान अलीचं 'ऐन' हे उर्दू अक्षर अर्धं झिजलेलं. तो बोटानं पुसत म्हणाला, "हमारी दादी के पास भी था." मग पायरीवर बसून सांगायला लागला, त्याच्या आजोबांचा भाऊ लातूरकडे होता, पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे १९४८ च्या भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर, परत आलाच नाही. सरकारनं तेव्हा पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं त्या वेळच्या मृत्यूंचा अंदाज २७ ते ४० हजार दिलाय, आणि जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमचं नांदेड पण आहे. शाळेत रझाकार शिकलो, हे मला कुणीच शिकवलं नाही, आणि त्या पायरीवर मला खरंच काय बोलावं सुचेना. आईनं फक्त त्याला पाणी दिलं.

टूरवाल्यांना विनंती आहे, तो अर्धा तास प्रोग्राममध्येच घ्या, चारमिनारला शॉपिंगचा वेळ कमी केला तरी चालेल. मराठवाड्यातून, बिदर-गुलबर्ग्याकडून येणाऱ्यांना तर तेच ऐकायचं असतं. आणि बुकिंग करताना बघा, चौमहल्ला शुक्रवारी बंद असतो.